मरतुकडा हिरवा राहिला

गोदाचा राग ज्याला ठाऊक नाही असा माणूस पनवेल तालुक्यात एक तर कालच करंजाड्याला फ्लॅट घेऊन राहायला आलेला असायचा, नाही तर ठार बहिरा. ती चिडली की आधी बांधावरचे बगळे उठत, मग विहिरीवरची मोटर आपोआप बंद पडे, आणि मग कमळाकर साहेब आपल्या खोलीला आतून कडी लावून घेत. एकदा म्हणे तिने कोनच्या फाट्यावर एका डंपरवाल्याला असं काही सुनावलं की त्याने भरलेला मुरूम परत नेऊन डोंगरावर टाकला. हे शेवटचं ज्याला पटत नसेल त्याने खुशाल सोडून द्यावं. पुढचं मात्र सोडता येणार नाही.

गोदा कामाला होती ती भातावर संशोधन करणाऱ्या एका लहानशा केंद्रात. मोठ्या रस्त्याला लागून सहा एकर जमीन, एक बैठी इमारत आणि गंजून अर्धी वाचता येणारी पाटी. डोंगराच्या कुशीतल्या वाडीतून ती रोज चालत यायची. बावीस वर्षं रोजंदारीवर, आणि बावीस वर्षं एकच काम: भाताचा एक वाफा आजारी पाडायचा.

ऐकणाऱ्याला हे वेडेपणाचं वाटायचं. लोक पीक जगावं म्हणून धडपडतात, ही बाई ते मरावं म्हणून राबते. पण त्यामागे अक्कल होती. भाताला करपा नावाचा रोग येतो. ही एक बुरशी. आधी पानावर खसखशीएवढा ठिपका पडतो, ठिपक्याची टिकली होते, आणि टिकलीचा मग डोळा होतो, दोन्हीकडे टोकदार, मधे राख, कडेला तपकिरी काजळ. असे डोळे उमटले की पान करपून जातं आणि शेतकरी कपाळाला हात लावतो. कुठला वाण करप्यापुढे टिकतो हे बघायचं तर करपा यायला हवा, आणि तो चांगला जोरात यायला हवा. म्हणून वाफ्याच्या चारी कडांना एक असा वाण पेरायचा की ज्याला शिंकेनेही करपा होतो. दफ्तरात त्याला इंग्रजी अक्षरांचं नाव होतं. गोदाने त्याचं नाव ठेवलं होतं मरतुकडा. मरतुकडा आधी आजारी पडायचा, त्याचा रोग मधल्या तीस वाणांवर उडायचा, आणि त्या साथीत जो उभा राहील तो खरा. पानं बघून शून्य ते नऊ गुण द्यायचे. निरोगी पानाला शून्य, नुसत्या ठिपक्यांना एक, टिकलीपर्यंत तीन. डोळा दिसला की चार, आणि चारपासून पुढे नापास. सलग तीन वर्षं जो पास होईल त्याचं बी केंद्र वाढवणार आणि शेतकऱ्यांना देणार.

या तीस वाणांत चौदा नंबर होता. चौदा नंबर गोदाच्या माहेरचं भात. तिच्या भावाच्या वरकस तुकड्यावर, डोंगराच्या उतरणीला ते पिकायचं. तांबूस, आखूड, आणि शिजलं की शेजारणी ताटली घेऊन यायच्या. तो उतार पाच वर्षांपूर्वी पोकलेनने खाल्ला. त्याच्या मुरमावर आता कुणाची तरी पार्किंगची जागा आहे. ते भात आता जगात दोनच ठिकाणी उरलं होतं: या वाफ्यातली एक ओळ, आणि गोदाच्या घरी राखेत घोळवून सरबताच्या बाटलीत ठेवलेलं बी. पहिल्या वर्षी चौदाला एक गुण पडला. दुसऱ्या वर्षीही एक. हे तिसरं वर्ष.

ऑगस्टातल्या एका सकाळी गोदा वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली आणि तिने मरतुकड्याचं पान बोटांत धरलं. हिरवंगार. दुसरं धरलं. तेही हिरवंगार. या दिवसांत मरतुकड्याच्या पानांवर डोळे उघडायला लागलेले असतात, आणि हा तर लग्नाच्या नवऱ्यासारखा डुलत होता. तिने पान नाकाला लावलं. वास ओळखीचा होता. शनिवारी संध्याकाळी हाच वास तिच्या घरात आला होता, नवऱ्याच्या सदऱ्याला.

नवरा, शुक्रा, त्याच केंद्रात फवारणीचा पंप चालवायचा. तो गोठ्यामागे दोरी वळत बसला होता.

"शनवारी पंप कुठं मारलास?"

"सायबांनी सांगितला तिथं."

"कुठं सांगितला?"

"रोडच्या अंगाला."

"रोडच्या अंगाला काय हाय?"

शुक्राने खिशात बिडी शोधायला घेतली. बिडी त्याच्या कानावर होती.

"मी बावीस वर्सं त्या वाफ्यात काय करते, तुला ठाव नाय?"

"ठाव हाय ना. रोग करतेस."

"मंग?"

"सायेब बोलले, वरची माणसं येनार, मेळावा हाय, रोडवरनं करपलेलं दिसतं, इज्जत जाते. मी बोललो, गोदेला इचारतो. ते बोलले, केंद्र गोदा चालवते काय."

"मंग तू काय बोललास?"

"काय बोलनार? खरं बोललो असतो तर कामावरनं काढला असता."

त्यानंतर गोदा जे बोलली ते शुक्राने आयुष्यात कुणाला सांगितलं नाही. एवढंच की वळलेली दोरी त्या दिवशी आपली आपण उलगडली, आणि गोठ्यातल्या म्हशीने संध्याकाळचं दूध दिलं नाही.

तिथून ती थेट कमळाकरच्या खोलीत गेली. कमळाकर हा केंद्राचा अधीक्षक, पनवेल शहरातला. मनाने वाईट नव्हता, पण त्याला हिरव्या रंगाचा नाद होता. खोलीचे पडदे हिरवे, फाटकाजवळचे दगड हिरवे. एक वाळलेला आंबासुद्धा त्याने हिरवा रंगवून घेतला होता आणि एक सुगरण पक्षी फसून त्यावर घरटं विणत बसला होता. शिवाय नऊ नंबरचा वाण केंद्राचाच होता, आणि कागदावर त्याच्यापुढे कमळाकरचं नाव होतं. मागच्या वर्षी गोदाने नऊला पाच गुण सांगितले होते. वहीत त्याचे तीन कसे झाले ते वहीलाच ठाऊक.

आज कडी लावायला त्याला उशीर झाला.

"सायेब, वाफ्यावर औषध मारलंत?"

"बसा गोदाबाई. अहो, तुम्हाला तर आनंद व्हायला हवा. एकही वाण आजारी नाही. तीसपैकी तीस पास. तुमचा चौदासुद्धा."

"आन मरतुकडा? तो पन पास?"

"तो कोण?"

इथे गोदाचा तोल गेला. बावीस वर्षं ज्या माणसांच्या हाताखाली ती काम करत होती त्यातल्या एकानेही वाफ्यात पाय घातला नव्हता, हे तिला माहीत होतं. पण ते असं उघडं, टेबलावर ठेवल्यासारखं कधी दिसलं नव्हतं. "कडेचा वान हाय तो," ती म्हणाली, "मरायला लावलेला. तो मेला तर रोग आला होता असं कळतं. तो जगला म्हंजे रोग आलाच नाय, मंग मधले पास झाले कशात? कुस्तीला समोर पैलवानच नाय आन तुमी हात वर करून नाचता. पंधरा दिसांनी तपासनीचं पथक येईल. त्येंचा डोळा पयला कडेवर जातो. कड हिरवी दिसली की अख्खा वाफा बाद करतील, आन तुमचा नऊ पन त्यात जाईल."

ती आणखी बरंच बोलली. कड कधी वाळते, किती वाळते, कुठल्या बाजूने आधी.  कमळाकरने डायरी उघडली आणि लिहून घेतलं. गोदाला वाटलं, बरं झालं, आज बाबाच्या डोक्यात शिरलं. शिरलं होतंच. इतकं चांगलं तिने बावीस वर्षांत कुणाला शिकवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी केंद्राला सुट्टी होती. सोमवारी सकाळी गोदा फाटकातून आत आली आणि तिला दुरूनच वाफ्याची कड तपकिरी दिसली. क्षणभर तिचा जीव हरखला. मेला, मरतुकडा मेला. ती जवळजवळ धावली.

जवळ गेल्यावर तिने पान धरलं. टोकापासून सरळ पिवळं, मग तपकिरी, जणू कुणी उलथनं लावून भाजलंय. डोळा नाही. टिकली नाही. ठिपका नाही. एकाही पानावर नाही. तिने बांधाकडे पाहिलं. कडेला लागून हातभर रुंदीचा पट्टा जळून गेला होता. त्यात हरळी मेली होती आणि लाजाळूही मेली होती. करपा बांधावरच्या एखाद्या गवताला धरेल, पण लाजाळूला करपा झाल्याचं अजून कुणाच्या आजोबांनी पाहिलेलं नाही. कमळाकरने सुट्टीच्या दिवशी स्वतः येऊन, स्वतःच्या हाताने तणनाशक मारलं होतं. वारा कुठल्या बाजूचा हे बघायची सवय नसल्यामुळे त्याच्या खोलीपुढच्या हिरव्या कुंड्याही गेल्या होत्या.

गोदाने ते पान मुठीत धरलं आणि प्रयोगशाळेत गेली. तिथे विनिता बसायची. उरणकडच्या कोळ्यांची पोर, वनस्पतिरोगांचं शिकून कंत्राटावर लागलेली. वाफ्याच्या वह्या तीच लिहायची.

"बाय, हे बघ."

विनिताने पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलंही नाही. "बघितलंय मावशी. आज सकाळीच, तुमच्या आधी. बुरशीचा एक बीजाणू नाही त्यात."

"मंग बोलली नायस?"

"कुणाला बोलू? माझं कंत्राट सप्टेंबरात संपतंय. सही त्यांचीच."

"तुझा बाप समुद्रात जातो ना?"

"जातो."

"आन तू या हिरव्या मानसाला घाबरतेस."

विनिता लाल झाली. तिची शहरातली भाषा एकदम गळून पडली. "समुद्राला सही लागत नाय मावशी. आन तुमी जरा डोस्कं थंड ठेवा. पथक येऊ दे, कड बघून पुढं जाऊ दे. सगल्यांना शून्य पडनार. चौदाला पन शून्य पडनार. तीन वर्सं झाली. तुमचं भात पास. अर्ध्या एकरावर लावतील, बी होईल, गावोगाव जाईल. तेच पायजे ना तुमाला? नाय तर साल बाद झालं तर चौदाची ओल पन बाद. मंग काय कराल?"

गोदाने पान उचललं आणि ती बाहेर आली.

तीन दिवस ती कुणावर ओरडली नाही. केंद्रात घबराट पसरली. बगळे बांधावरून उठेनात, मोटर चोवीस तास चालू राहिली, विहिरीचा तळ दिसायला लागला. शुक्राने वाडीवरून कोंबडी आणून स्वतः सोलली आणि बायकोपुढे रस्सा ठेवला. ती तोही मुकाट्याने जेवली, तेव्हा त्याने शेजाऱ्याला विचारलं की पनवेलला बायकांचा चांगला डॉक्टर कोण.

तिच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत होती. भावाचा उतार गेला तेव्हा ती खूप ओरडली होती, आणि त्याने काही झालं नव्हतं. यावेळी न ओरडता काम होत होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. तोंड दाबून पथक येईपर्यंतचे दिवस काढायचे, की माहेरचं भात तालुक्याच्या शेतात. तिने ठरवलं, गप्प बसायचं.

पथक आलं त्या दिवशी बारीक पाऊस होता. दोन तरुण मदतनीस आणि त्यांच्या प्रमुख डॉ. भाविका ठोसर. पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. कमळाकरने जेवणात पापलेट ठेवलं होतं आणि ते त्याने येताक्षणीच दोनदा सांगितलं होतं. वाफ्यात चिखल फार, बांधावरूनच दिसतंय की, असं तो म्हणाला. डॉ. ठोसरांनी बांधावरून कडेकडे नजर टाकली. तपकिरी होती. त्यांनी मान हलवली. छत्री गोदाच्या हातात होती, वही विनिताच्या.

"एक?"

"शून्य," मदतनीस म्हणाला.

"दोन?"

"शून्य."

असं करत शून्यांची माळ लागली. नऊला शून्य पडलं तेव्हा कमळाकरने रुमालाने मान पुसली. दहा, अकरा, बारा, तेरा. गोदाच्या हातातली छत्री स्थिर होती. पाऊस तिच्या एकटीच्या खांद्यावर पडत होता.

"चौदा?"

"शून्य."

"चौदाला शून्य नाय," गोदा म्हणाली.

डॉ. ठोसरांनी मागे वळून पाहिलं. "काय?"

"चौदाला कधीच शून्य पडलं नाय. दोन वर्सं एक पडलाय. त्याला ठिपकं येतात. बारीक, खसखशीवानी. येतात आन तिथंच थांबतात, वाढत नायत. म्हनून तर तो चांगला. शून्य लिवलंत तर ते माज्या भाताबद्दल खोटं लिवलंत."

"गोदाबाई, छत्री धरा नीट," कमळाकर म्हणाला.

"धरलीय. बाई, तुमच्या गळ्यात भिंग कशाला हाय? पापलेटचं काटं बघायला? खाली उतरा आन कडेचं एक पान उचला. मला त्याच्यावर एक डोळा दाखवा. एकच. दाखवलात तर मी उद्यापासनं कामावर येनार नाय."

एक मदतनीस हसला आणि लगेच थांबला. डॉ. ठोसर चपला बांधावर ठेवून चिखलात उतरल्या. एक पान, दुसरं, दहावं. भिंग लावलं, काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. मग त्या वाकून बांधाचं गवत बघायला लागल्या आणि जळलेल्या लाजाळूची एक काडी उपटून उभ्या राहिल्या.

"कमळाकर, लाजाळूला करपा झालाय का?"

"हवामान फार विचित्र आहे यंदा, मॅडम."

"तुमच्या कुंड्यांनाही झाला म्हणायचा."

कमळाकर सावरून म्हणाला, "रोजंदारीची माणसं आहेत मॅडम. कुणी चुकून पंप मारला असेल. यांचा नवराच पंप चालवतो."

तेव्हा मात्र गोदाने छत्री मिटली. इतक्या दिवसांचा साठवलेला आवाज बाहेर आला तो असा की मोठ्या रस्त्यावरचे ट्रक म्हणे डावीकडे घेऊन उभे राहिले. शनिवारी काय मारलं, कुणी मारायला सांगितलं, रविवारी काय मारलं, कुणी मारलं, मागच्या वर्षी नऊला पाच होते ते तीन कुठल्या पेनाने झाले, सगळं तिने सांगितलं. शुक्राने पंप मारला हेही सांगितलं, त्याला न वगळता. आणि शेवटी म्हणाली, "ही कड कशी मरते ते सायबाला मीच शिकवलं. रागाच्या भरात शिकवलं. ती माझी चूक. तेवढी माज्या नावावर लिवा."

सगळे विनिताकडे बघायला लागले. वही तिच्या हातात होती. तिने वहीतल्या शून्यांवर पेन आडवं ठेवलं. मग म्हणाली, "खरं आहे मॅडम. मी नमुने ठेवलेत. तारखा टाकून."

डॉ. ठोसरांनी वही घेतली आणि पानावर उभी रेघ मारली. "साल बाद."

"चौदा पन?" गोदाने विचारलं.

"एकट्या चौदाला वेगळा न्याय कसा देऊ?"

"देऊ नका," गोदा म्हणाली, आणि तिने मिटलेली छत्री पुन्हा उघडून बाईंच्या डोक्यावर धरली.

पापलेट तसंच राहिलं. गाडीत बसायच्या आधी डॉ. ठोसर थांबल्या, कारण विनिता मागून धावत आली होती. "मॅडम, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा पेरता येईल. पुढे दव पडतं, रात्री गार होतात, करपा चांगला धरतो. महिन्याभरात गुण देता येतील. फक्त चौदाचं बी केंद्राकडे उरलेलं नाही."

"माज्याकडं हाय," गोदा म्हणाली.

"पुरेल?"

"पुरवीन."

डॉ. ठोसरांनी परवानगीचा कागद तिथेच बॉनेटवर ठेवून लिहिला. दुसरं पत्र कमळाकरबद्दल लिहिलं. ते वर गेलं. अजून वरच आहे.

वाफा या वेळी रस्त्यापासून लांब, विहिरीमागे केला. गोदाने बाटलीतलं अर्धं बी काढून पेरलं. उरलेलं बूच लावून परत राखेत. पण औषधाने केंद्रातला करपा मेला होता. आता रोग आणायचा कुठून? तो बाहेरून मागून आणावा लागणार होता. रोपं वीतभर झाली तशी गोदा आणि शुक्रा एके दिवशी सकाळीच निघाले. शुक्राच्या डोक्यावर दोन रिकाम्या टोपल्या होत्या आणि तोंडात बिडी नव्हती. गोदाची ती बंदी त्याला नव्या वाफ्यात करपा लागेपर्यंत लागू होती.

कोनच्या बाजूला गोदामांच्या मधे अडकलेलं रमेशचं शेत होतं. रमेश बांधावर बसून पिकाकडे बघत होता, जसं कुणी बुडालेल्या होडीकडे बघावं.

"रमेशभाऊ, करपा हाय का?"

"हाय ना. किती पायजे?"

"दोन टोपल्या."

"दोन कशाला, सगळा घेऊन जा. कुनी इचारलं तर सांग, रमेशनं दान केला." मग तो गंभीर झाला. "थट्टा करतेस काय बाई?"

"नाय. आजारी पानं पायजेत. केंद्रात नवीन वाफा केलाय."

"केंद्रात?" रमेश उठून उभा राहिला. "कंच्या तोंडानं मागतेस? हे बी तुमच्या केंद्रानंच दिलेलं. पिशवीवर छापलंय, करप्याला दाद देत नाय. वाच. पिशवी घरात हाय, आनून दावू? दाद देत नाय म्हनं. माझं पोर त्या पिशवीचं पावसात टोपडं करून फिरतं, तेवढाच उपेग झाला तिचा."

शुक्रा टोपल्या घेऊन मागे सरकला. एरवी गोदावर कुणी आवाज चढवला की त्याची खैर नसायची. पण गोदा ऐकत राहिली. रमेशचं शेत टोकापासून टोकापर्यंत डोळ्यांनी भरलं होतं, राखेचे, काजळ घातलेले डोळे. याही बियाला असंच कुणाच्या तरी वहीत एकदा शून्य पडलं होतं, बांधावरून, छत्रीखाली.

"बोल अजून," ती म्हणाली. "बोलायला तुझा हक्क हाय. बोलून झालं की पानं तोडू लाग. या वेळेला खोटं लिवलं तर मी सोता त्या पिशवीत जाऊन बसेन."

रमेश अजून बराच वेळ बोलला. मग त्याने विळा आणला, आणि तिघांनी मिळून टोपल्या भरल्या.

संध्याकाळी ती पानं बारीक चिरून गोदाने नव्या वाफ्यावर उधळली, कडेवर दुप्पट. ओलं प्लास्टिक अंथरून कडा दगडांनी दाबल्या. आत दमट, गार अंधार झाला. मग ती तिथेच उभी राहून करप्याला म्हणाली, "ये. आन पोटभर खा. कुनाची भीड धरू नको. चौदाची पन नको." शुक्रा दूर तोंड फिरवून उभा होता. बायको रोगाशी त्याच्यापेक्षा प्रेमाने बोलते असं त्याला वाटलं, आणि ते खरंच होतं.

ऑक्टोबरात डॉ. ठोसर एकट्या आल्या. या वेळी त्या आधीच अनवाणी होत्या. कमळाकरही आला होता, बांधावर हात मागे बांधून. विनिताचं कंत्राट त्याने संपवलं नव्हतं, वाढवलंही नव्हतं. ती रोज येऊन वही उघडत होती एवढंच.

मरतुकडा जमिनीला मिळाला होता. नऊ गुण. पान म्हणून जे काही उरलं होतं ते बोट लावलं की भुकटी व्हायचं. आत रोग चांगला पसरला होता. एकेक वाण बघत, चिखलात गुडघे टेकत त्या पुढे सरकल्या. नऊ नंबरला सात पडले. कमळाकर म्हणाला, "जमिनीचा फरक असेल." विनिताने सात लिहिले.

चौदाच्या ओळीशी त्या बराच वेळ थांबल्या. गोदा मागे उभी होती. तिला पुढे जायचा धीर होत नव्हता, आणि त्याचाच तिला राग येत होता.

"टिकल्या आहेत," डॉ. ठोसर म्हणाल्या. "वरच्या पानांवरही. बऱ्याच आहेत. तीन."

"एक नाय?"

"एक नाही. या वेळी साथ मोठी होती बाई. तीन."

गोदा वाफ्यात उतरली. चौदाकडे ती अशी बघत होती की जणू बहिणीचा मुलगा दारू पिऊन घरी आला आहे. "दोन वर्सं एकावर होतास. आन आज, सगळी बघतात तवा, तीन. लाज हाय काय?" मग तिने हात पुढे केला. "भिंग द्या."

"झालं ना. लिहिलंय तीन."

"तुमी तीन लिवलंय. मला बघायचंय चार नाय ना."

डॉ. ठोसरांनी दोरी डोक्यावरून काढून भिंग तिच्या हातात दिलं. गोदाने ओळीच्या पहिल्या रोपापासून सुरुवात केली. प्रत्येक रोप, प्रत्येक पान, वरून आणि खालून. ऊन चढलं. विनिता वही मिटून पुन्हा उघडत राहिली. कमळाकर दोनदा घड्याळाकडे बघून गेला आणि दोनदा परत आला. एका पानावर गोदा थांबली. एक टिकली जरा लांबट होती. तिने पान उजेडाकडे धरलं, भिंग जवळ आणलं, लांब नेलं. टोक निघालं होतं का? एका बाजूला निघाल्यासारखं वाटत होतं.  तिने लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं, पान केवढं, टिकली केवढी.

"बाई, इकडं या," ती म्हणाली. "हे तुमी बघा. माझा डोळा माहेरचा हाय."

डॉ. ठोसर वाकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. "दोन्हीकडून गोल आहे. टिकलीच. मधे राखही नाही."

"नक्की?"

"नक्की."

गोदाने ते पान सोडलं आणि पुढच्या रोपाकडे वळली, कारण ओळीत अजून अकरा रोपं बाकी होती. ती सगळी बघून झाल्यावरच ती उठली. चिखलाने गुडघ्यापर्यंत काळी झालेली, घामाने भिजलेली, आणि अजूनही चिडलेली.

"लिव बाय," ती विनिताला म्हणाली. "चौदा, तीन. शाईनं लिव. आन तीनच्या पुढं माझं नाव टाक, की हे मी पान पान बघून बोलले. उद्या रमेशच्या बांधावर हे बी गेलं आन त्यानं कुनाला शिव्या घालायच्या असल्या, तर त्याला घर माहीत पायजे."